सरकारी नोकरी, स्वतःचं अकाउंट : कर्मचाऱ्यांनी सोशल मीडियावर काय टाकावं आणि काय टाळावं?

तलाठी कार्यालयातल्या खुर्चीत बसून काढलेली रील. 'महाराष्ट्र शासन' लिहिलेल्या गाडीला टेकून काढलेला फोटो. नव्या सरकारी धोरणाची खिल्ली उडवणारं मीम, जे कुणा शिक्षकाने रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवलं. निवडणुकीच्या दिवसांत एखाद्या लिपिकाने शेअर केलेला उमेदवाराचा व्हिडिओ.

या चारही गोष्टी रोज कुठे ना कुठे होतात. करणाऱ्याला त्यात वावगं वाटत नाही, कारण मोबाइल स्वतःचा, डेटा पॅक स्वतःचा आणि अकाउंटही स्वतःचं. पण यातल्या एखाद्या पोस्टचा स्क्रीनशॉट वरिष्ठांच्या टेबलावर पोहोचला, तर कारणे दाखवा नोटिशीपासून निलंबनापर्यंत काहीही होऊ शकतं.

महाराष्ट्रात याबद्दल स्पष्ट सूचना आहेत. पण बऱ्याच जणांनी त्या व्हॉट्सॲपवर फिरलेल्या चार ओळींमधूनच वाचल्या आहेत. त्यामुळे 'आता सरकारी माणसाने फेसबुक वापरायचंच नाही' इथपासून 'असले जीआर येतात आणि जातात' इथपर्यंत दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. खरं चित्र या दोन्हींच्या मध्ये आहे.

नियम नवे की जुने?

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी कसं वागावं, हे 'महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९' ठरवतात. राजकारणात भाग घेणं, सरकारवर टीका करणं, अधिकार नसताना माहिती बाहेर देणं, वर्तमानपत्रं किंवा आकाशवाणीशी संबंध ठेवणं, खासगी धंदा करणं अशा सगळ्या बाबींवर हे नियम बोलतात. अडचण एवढीच की १९७९ साली फेसबुक सोडाच, घरोघरी टेलिफोनही नव्हता. 'वर्तमानपत्रात लेख लिहू नये' हे समजायला सोपं होतं. स्टेटस ठेवणं म्हणजे लेख लिहिणं का, फॉरवर्ड करणं म्हणजे मत मांडणं का, याचं उत्तर त्या नियमांत थेट मिळत नव्हतं.

मार्च २०२५ मध्ये हा विषय विधान परिषदेत आला. अधिकारी-कर्मचाऱ्यांच्या सोशल मीडिया वापराबाबत नियम कडक केले जातील, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तेव्हा सभागृहात सांगितलं. त्यानंतर २८ जुलै २०२५ रोजी सामान्य प्रशासन विभागाने शासन निर्णय काढून मार्गदर्शक सूचना जारी केल्या.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. वर्तणूक नियम हे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०९ खाली केलेले सेवाविषयक नियम आहेत. शासन निर्णय त्यांची जागा घेत नाही. जुने नियम सोशल मीडियाला कसे लागू होतात, हे तो सांगतो. म्हणजे २८ जुलैच्या आधी सगळं चालत होतं आणि नंतर बंद झालं, असं नाही. आधीही कारवाया होत होत्याच.

हे कुणाला लागू?

फक्त मंत्रालयातल्या किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातल्या लोकांना, असा एक समज आहे. प्रत्यक्षात या सूचनांची व्याप्ती मोठी आहे. राज्य शासनाचे नियमित कर्मचारी, प्रतिनियुक्तीवर आलेले, करार पद्धतीने किंवा बाह्य स्रोतातून घेतलेले, तसंच स्थानिक स्वराज्य संस्था, मंडळं, महामंडळं आणि सार्वजनिक उपक्रम यांतले कर्मचारी असे सगळेच त्यात येतात. त्यामुळे नगरपालिकेचा कर निरीक्षक असो, जिल्हा परिषदेची शिक्षिका असो की एखाद्या महामंडळातला कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटर, 'मी कुठे सरकारी' असं म्हणून सुटका नाही.

जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे वेगळे वर्तणूक नियमही आहेत. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना 'केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४' लागू आहेत, तर आयएएस आणि आयपीएस अधिकाऱ्यांना 'अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८'. शब्द थोडे वेगळे असले तरी गाभा सारखाच आहे.

सूचनांमध्ये नेमकं काय सांगितलंय?

सोशल मीडिया म्हणजे फक्त फेसबुक आणि इन्स्टाग्राम नाही. एक्स, लिंक्डइन, यूट्यूब, व्हॉट्सॲप, टेलिग्राम आणि चर्चेचे मंच हे सगळं त्यात धरलेलं आहे. मुख्य मुद्दे असे :

- वैयक्तिक आणि कार्यालयीन अकाउंट वेगवेगळी ठेवावीत.
- राज्य किंवा केंद्र सरकारच्या चालू वा अलीकडच्या धोरणावर, कृतीवर प्रतिकूल टीका करू नये.
- सरकारने बंदी घातलेली संकेतस्थळं आणि ॲप वापरू नयेत.
- सरकारी योजनांचा प्रचार ज्यांना अधिकार दिला आहे त्यांनीच, पूर्वपरवानगीने, कार्यालयीन माध्यमांतून करावा.
- कामाच्या समन्वयासाठी व्हॉट्सॲप, टेलिग्रामसारखी साधनं वापरता येतील.
- योजनेच्या यशाबद्दल सांघिक कामगिरी म्हणून लिहिता येईल, पण त्याची आत्मस्तुती होऊ नये.
- वैयक्तिक अकाउंटवर स्वतःचा प्रोफाइल फोटो सोडून इतर फोटो, रील, व्हिडिओ टाकताना पदनाम, शासनाचं बोधचिन्ह, गणवेश, सरकारी गाडी, इमारत अशा गोष्टींचा वापर टाळावा.
- द्वेषमूलक, बदनामीकारक, आक्षेपार्ह किंवा भेदभाव करणारा मजकूर टाकू नये आणि पुढेही पाठवू नये.
- गोपनीय कागदपत्रं परवानगीशिवाय कुठेही शेअर करू नयेत.
- बदली झाली की कार्यालयीन अकाउंट पुढच्या अधिकाऱ्याकडे रीतसर सोपवावं.

यात सोशल मीडिया वापरण्यावर बंदी कुठेच नाही. मुलाच्या वाढदिवसाचे फोटो, सहलीचे व्हिडिओ, कविता, क्रिकेट, पाककृती, गावच्या जत्रेचा व्हिडिओ हे सगळं टाकता येतं. प्रश्न येतो तो नोकरी आणि पोस्ट एकमेकांत मिसळतात तेव्हा.

वैयक्तिक अकाउंट असताना सरकारचा संबंध काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. 'ऑफिसच्या वेळेनंतर मी एक साधा नागरिक आहे' हे म्हणणं अर्धं खरं आहे.

वर्तणूक नियम फक्त दहा ते सहा या वेळेपुरते नसतात. सरकारी कर्मचाऱ्याने कायम सचोटी आणि कर्तव्यपरायणता राखावी, सरकारी कर्मचाऱ्याला न शोभणारं वर्तन करू नये, अशी त्यांची भाषा आहे. त्यामागचं कारणही समजण्यासारखं आहे. जातीचा दाखला मागायला आलेल्या माणसाला समोरच्या अधिकाऱ्याने काल रात्री आपल्याच समाजाबद्दल काय लिहिलं हे माहीत असेल, तर आपलं काम निष्पक्षपणे होईल यावर तो विश्वास कसा ठेवणार? अधिकारी कदाचित काम नियमानेच करेल. पण भरवसा एकदा गेला की गेला.

'मतं वैयक्तिक आहेत' असं बायोमध्ये लिहिलं की काम झालं, असंही अनेकांना वाटतं. त्या ओळीने फार तर एवढंच कळतं की हे कार्यालयाचं अधिकृत म्हणणं नाही. वर्तणूक नियमांतून सूट देण्याची ताकद त्या ओळीत नाही. टोपणनावाने चालवलेलं अकाउंटही कायमचं लपत नाही. ते कुणाचं आहे हे सिद्ध झालं की नियम तेच लागू होतात.

रील आणि गाडीचा फोटो एवढा गंभीर का?

गणवेश, दिवा लावलेली गाडी, कार्यालयाची पाटी या गोष्टी पदाच्या असतात, व्यक्तीच्या नाही. त्या वापरून मिळणारे लाइक आणि फॉलोअर मात्र व्यक्तीच्या खात्यावर जमा होतात. आक्षेप आहे तो याला.

याचं गाजलेलं उदाहरण २०२२ च्या गुजरात विधानसभा निवडणुकीतलं आहे. उत्तर प्रदेश केडरचे एक आयएएस अधिकारी अहमदाबादमध्ये निवडणूक निरीक्षक म्हणून गेले होते. या नेमणुकीची माहिती त्यांनी इन्स्टाग्रामवर सरकारी गाडीसोबतच्या फोटोसह टाकली. निवडणूक आयोगाने त्यांना निरीक्षकपदावरून तातडीने दूर केलं आणि दिलेल्या सरकारी सुविधाही काढून घेतल्या. पोस्टमध्ये कुणावर टीका नव्हती, कुठल्या पक्षाचा प्रचारही नव्हता. पदाचा उपयोग स्वतःच्या प्रसिद्धीसाठी केला, एवढंच कारण पुरेसं ठरलं.

पोलिसांच्या बाबतीत तर अनेक राज्यं आणखी कडक आहेत. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२३ मध्ये स्वतंत्र सोशल मीडिया धोरण आणून गणवेशात रील बनवण्यावर बंदी घातली. भारतीय लष्कराने तर २०२० मध्ये जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप मोबाइलमधून काढून टाकायला सांगितली होती. तिथे कारण सुरक्षेचं होतं. फोटोच्या मागे दिसणारी इमारत किंवा लोकेशन टॅगसुद्धा शत्रूला पुरेसा ठरू शकतो.

मग सरकारवर टीका करायचीच नाही का?

खरा वाद आहे तो इथे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) ने प्रत्येक नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलं आहे. सरकारी नोकरी लागली की हा हक्क संपतो का?

सर्वोच्च न्यायालयाने याचं उत्तर १९६२ मध्येच दिलं आहे. 'कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य' या खटल्यात कर्मचाऱ्यांच्या निदर्शनांवर सरसकट बंदी घालणारा नियम होता. सरकारी सेवेत आल्यामुळे कुणी मूलभूत हक्क गमावत नाही, असं सांगत न्यायालयाने शांततापूर्ण निदर्शनांवरची बंदी रद्द केली. मात्र संप करण्याचा मूलभूत हक्क नाही, हेही त्याच निकालात स्पष्ट केलं.

सोशल मीडियाच्या काळातला महत्त्वाचा निकाल त्रिपुरातला आहे. मत्स्य विभागातल्या एका महिला कर्मचाऱ्याला एप्रिल २०१८ मध्ये, निवृत्तीला अवघे काही दिवस उरले असताना निलंबित करण्यात आलं. आरोप दोन होते : एका राजकीय सभेला हजेरी आणि फेसबुकवरची राजकीय पोस्ट. जानेवारी २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती अकिल कुरेशी यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. सभेला हजर असणं म्हणजे राजकारणात भाग घेणं नव्हे आणि नियमांची मर्यादा ओलांडली जात नाही तोवर सरकारी कर्मचाऱ्यालाही स्वतःची मतं बाळगण्याचा, ती मांडण्याचा हक्क आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

पण दुसरी बाजूही आहे. १९९८ मध्ये 'एम. एच. देवेंद्रप्पा' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या एका सरकारी महामंडळाच्या कर्मचाऱ्याविरुद्धची कारवाई कायम ठेवली होती. त्याने महामंडळाच्या कारभाराबद्दल राज्यपालांना पत्र लिहिलं होतं आणि वृत्तपत्रांकडे निवेदनही दिलं होतं. संस्थेची शिस्त आणि कार्यक्षमता राखण्यासाठी केलेले वाजवी नियम अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या आड येत नाहीत, असं न्यायालयाने मानलं.

दोन्ही निकाल एकत्र वाचले की रेषा साधारण कळते. मत असणं गुन्हा नाही. नागरिक म्हणून सार्वजनिक जीवनाबद्दल सभ्यपणे बोलणं हासुद्धा आपोआप गैरवर्तन ठरत नाही. पण ज्या धोरणाची अंमलबजावणी आपल्याच हातात आहे त्यावर जाहीर हल्ला करणं, वरिष्ठांवर जाहीर आरोप करणं किंवा कामातून हाती आलेली माहिती वापरून सरकारला अडचणीत आणणं, इथे कर्मचाऱ्याची बाजू कमकुवत होते.

'प्रतिकूल टीका' म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या मात्र कुठेच काटेकोर नाही. 'आमच्या शाळेत दोन शिक्षक कमी आहेत' हे वाक्य टीका आहे की वस्तुस्थिती? 'जुनी पेन्शन योजना परत आणा' ही सेवाविषयक मागणी आहे की धोरणावर टीका? याचं उत्तर बऱ्याचदा पोस्ट कशी लिहिली यापेक्षा ती वाचणारा वरिष्ठ कोण, यावर ठरतं. या सूचनांवरचा सगळ्यात गंभीर आक्षेप तोच आहे. संदिग्ध नियमामुळे कारवाई होण्याआधीच माणूस गप्प बसतो. आणि गप्प बसणाऱ्यांत नुसते टवाळखोर नसतात. रुग्णालयात औषधं संपली आहेत किंवा पुलाला तडा गेला आहे, हे सगळ्यात आधी ज्याला दिसतं तो कर्मचारीही त्यात असतो.

उपरोध, लाइक आणि फॉरवर्ड

मे २०१९ मध्ये मुंबई महापालिकेत काम करणाऱ्या एका महिला आयएएस अधिकाऱ्याचं महात्मा गांधींबद्दलचं ट्वीट वादात सापडलं. ते उपरोधाने लिहिलं होतं आणि आपल्या जुन्या पोस्ट पाहिल्या तर गांधीजींबद्दलचा आदरच दिसेल, असं त्यांनी सांगितलं. तोवर स्क्रीनशॉट सगळीकडे पोहोचला होता. त्यांची बदली झाली आणि खुलासाही मागवण्यात आला. धडा साधा आहे. स्क्रीनशॉटमध्ये शब्द पोहोचतात, त्यामागचा सूर पोहोचत नाही. पोस्ट डिलीट केल्याने ती पुसली जात नाही.

फॉरवर्डचंही तसंच. 'मी लिहिलं नाही, फक्त पुढे पाठवलं' हा बचाव इथे चालत नाही, कारण सूचनांमध्ये मजकूर पुढे पाठवण्याचाही समावेश आहे.

लाइकचा मुद्दा थोडा वेगळा आहे. एखादी पोस्ट लाइक करणं म्हणजे ती प्रसिद्ध किंवा प्रसारित करणं नव्हे, असं अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या एका प्रकरणात म्हटलं. ग्रुप ॲडमिनबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, संगनमत असल्याशिवाय, ॲडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही. पण हे दोन्ही निकाल फौजदारी गुन्ह्याबाबतचे आहेत. विभागीय चौकशीत 'गुन्हा झाला का' यापेक्षा 'वर्तन पदाला शोभणारं होतं का' हा प्रश्न असतो आणि तिथे पुराव्याची कसोटीही सैल असते.

निवडणुकीत काय बदलतं?

एरवी दुर्लक्षिली जाणारी पोस्ट निवडणुकीच्या काळात महागात पडू शकते. सरकारी कर्मचाऱ्याने राजकीय पक्षाचा सदस्य होऊ नये, प्रचार करू नये हे वर्तणूक नियमांत आहेच. शिवाय लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १३४-अ नुसार सरकारी कर्मचाऱ्याने उमेदवाराचा निवडणूक प्रतिनिधी, मतदान प्रतिनिधी किंवा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून काम करणं हा शिक्षापात्र गुन्हा आहे. निवडणूक कामावर नेमलेल्यांनी कोणत्याही उमेदवाराला मदत करू नये, असंही हाच कायदा सांगतो.

म्हणून उमेदवाराचं पोस्टर स्टेटसला ठेवणं, पक्षाच्या चिन्हाची फ्रेम प्रोफाइल फोटोला लावणं, प्रचाराच्या ग्रुपमध्ये सक्रिय राहणं हे सगळं टाळलेलं बरं. आवडत्या उमेदवाराला मत देण्याचा हक्क मात्र पूर्ण शाबूत आहे. फक्त ते कुणाला दिलं हे जगजाहीर करायचं नाही.

कुटुंबीयांचं काय? पत्नी, पती किंवा मुलगा राजकारणात असू शकतो आणि त्याचं अकाउंट त्याचं असतं. पण पत्नीच्या नावाचं पेज प्रत्यक्षात नवराच चालवत असेल, तर तो आडोसा फार काळ टिकत नाही.

लाभार्थ्यांचे फोटो : सगळ्यांत दुर्लक्षित धोका

टीका आणि रील यांची चर्चा खूप होते. पण सर्वसामान्य नागरिकाचं खरं नुकसान होतं ते भलत्याच पोस्टमुळे.

लाभार्थी यादीचा फोटो ग्रुपवर टाकला आणि त्यात नावांपुढे आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल नंबर दिसत असेल, तर सायबर चोरांना तो आयताच खजिना. आधार कायदा, २०१६ नुसार कुणाचाही आधार क्रमांक असा जाहीर करता येत नाही. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत पोक्सो कायदा आणि बाल न्याय कायदा हेच सांगतात. रुग्णालयात, पोलिस ठाण्यात, वसतिगृहात काम करणाऱ्यांनी भावनेच्या भरात टाकलेला एक फोटो इथे थेट फौजदारी प्रकरण होऊ शकतो. आणि ज्याचा फोटो गेला त्याला त्याचा त्रास पुढची कित्येक वर्षं होतो.

यूट्यूब चॅनल आणि कमाई

अनेक शिक्षकांचे, कृषी सहायकांचे, आरोग्य कर्मचाऱ्यांचे चॅनल खरोखर उपयोगी असतात. चॅनल असणं चुकीचं नाही. प्रश्न पैशांचा आहे. परवानगीशिवाय खासगी धंदा किंवा दुसरी नोकरी करायला वर्तणूक नियमांत मनाई आहे. केंद्राच्या नियमांत प्रासंगिक स्वरूपाच्या साहित्यिक, कलात्मक किंवा शास्त्रीय कामाला सवलत आहे. पण दर महिन्याला जाहिरातींचं उत्पन्न येत असेल, कंपन्यांची पेड प्रमोशन घेतली जात असतील, तर ते 'प्रासंगिक' म्हणणं कठीण. सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी घेणं आणि उत्पन्न आयकर विवरणपत्रात दाखवणं हा सुरक्षित मार्ग आहे. तोंडी 'करा हो, काही होत नाही' हे चौकशीत कामाला येत नाही.

कारवाई झालीच तर?

राज्य कर्मचाऱ्यांवरची कारवाई 'महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९' नुसार होते. शिक्षा दोन प्रकारच्या असतात. किरकोळ शिक्षेत ठपका ठेवणं, वेतनवाढ किंवा पदोन्नती रोखणं येतं. मोठ्या शिक्षेत पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणं आणि बडतर्फी येते.

निलंबन ही शिक्षा नाही. चौकशी नीट व्हावी म्हणून कामापासून दूर ठेवण्याची ती तात्पुरती व्यवस्था आहे आणि त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो. मोठी शिक्षा द्यायची तर आधी दोषारोपपत्र, मग बचावाची संधी आणि चौकशी हा क्रम पाळावाच लागतो. बडतर्फी, सेवेतून काढणं आणि पदावनती यांच्याबाबत हे संरक्षण थेट राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ मध्ये आहे, त्याला मोजकेच अपवाद आहेत. कंत्राटी कर्मचाऱ्याला हे संरक्षण सहसा मिळत नाही, त्याच्यासाठी कराराच्या अटी महत्त्वाच्या ठरतात. म्हणजे एकाच पोस्टसाठी कायम कर्मचाऱ्याला ठपका मिळेल आणि कंत्राटीवाल्याचा करारच संपेल, असंही होऊ शकतं.

नोटीस आली तर घाबरून पोस्ट डिलीट करून गप्प बसू नये. दिलेल्या मुदतीत लेखी खुलासा द्यावा. शिक्षा झाली तर विभागात अपील करता येतं. त्यानंतर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण म्हणजे 'मॅट' आणि पुढे उच्च न्यायालय हे मार्ग राज्य कर्मचाऱ्यांना खुले असतात.

मग गैरप्रकार दिसला तर सांगायचं कुठे?

पोस्ट टाकता येत नाही याचा अर्थ तोंड बंद ठेवायचं असा नाही. वरिष्ठांकडे लेखी तक्रार, दक्षता अधिकारी, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, लोकायुक्त हे मार्ग आहेत. मान्यताप्राप्त संघटनेमार्फत सेवाविषयक मागण्या मांडता येतात. कर्मचारी हा नागरिकही असल्यामुळे माहिती अधिकार कायदा, २००५ खाली तो अर्ज करू शकतो.

हे मार्ग संथ आहेत, हेही खरं. गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये मंजूर केला, पण अनेक वर्षं तो अमलातच आणला गेला नाही. त्यामुळे तक्रार करूनही हाती काही न लागलेला माणूस शेवटी फेसबुक लाइव्हकडे वळतो. नियम कडक करताना तक्रारीचे मार्ग तितकेच वेगवान केले, तर अशा अनेक पोस्टची गरजच उरणार नाही.

पोस्ट करण्याआधी पाच प्रश्न

१. या पोस्टमध्ये माझं पद, गणवेश, कार्यालय किंवा सरकारी गाडी दिसते आहे का?
२. ही माहिती मला केवळ नोकरीमुळे मिळाली आहे का?
३. यात दुसऱ्या कुणाचं नाव, चेहरा, आधार क्रमांक किंवा आजार उघड होतोय का?
४. या पोस्टमधला माणूस उद्या माझ्या टेबलासमोर काम घेऊन आला, तर त्याला माझ्या निष्पक्षपणावर विश्वास वाटेल का?
५. याचा अर्धवट स्क्रीनशॉट वरिष्ठांकडे गेला, तर मला लेखी खुलासा देता येईल का?

पहिल्या तीनपैकी एकाचंही उत्तर 'हो' आलं, किंवा शेवटच्या दोनपैकी एकाचं 'नाही' आलं, तर थांबलेलं बरं. बाकी आंब्याचं लोणचं, पोरांची गॅदरिंग आणि पावसातला सिंहगड यांना कुठलाच जीआर अडवत नाही.